मामांची गाडी ठेवावी की विकावी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई चाळीसगाव भागातल्या, शाळेत शिक्षिका आहेत. यजमानांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान. घरात सासूबाई (वय 76) आणि दोन मुलं. चार वर्षांपूर्वी यजमानांच्या मामांनी आपली सात सीटांची डिझेल व्हॅन ‘घरातल्या घरात राहू दे’ म्हणून साडेतीन लाखांत यांना दिली. पहिलं दीड-दोन वर्ष बरं गेलं. मग गाडी गरम व्हायला लागली. रेडिएटर बदलला, वॉटर पंप बदलला. गेल्या मे महिन्यात सासूबाईंना डोळे दाखवायला संभाजीनगरला नेत असताना कन्नड घाटात बॉनेटमधून वाफ आली. बाटल्यांतलं गार पाणी ओतून गाडी कशीबशी वर काढली आणि पुढं हेड गॅस्केटचं (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) काम निघालं. मध्येमध्ये क्लच प्लेट, सेल्फ, मधल्या दरवाजाचा रोलर हे चालूच. दोन वर्षांत 1 लाख 40 हजार गेले, त्यातले बरेचसे ताईंच्या पगारातून. गावात गाडी शहाण्यासारखी चालते, घाटात काटा अजूनही वर जातो. ताईंना ती विकून हप्त्यावर नवीन घ्यायची आहे. यजमान म्हणतात, ‘आता सगळं नवीन टाकलंय, विकली तर दुसऱ्याचं भलं.’ सासूबाई म्हणतात, ‘लक्ष्मी शे ती’ (लक्ष्मी आहे ती). एजंट 1 लाख 60 हजार द्यायला तयार आहे. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) अजून मामांच्या नावावर आहे, ‘ते करायचं राहून गेलं’. ताईंचे प्रश्न दोन: मिस्त्रीनं आम्हाला फसवलं का? आणि विकू या म्हणते यात माझं चुकतंय का?

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. विकू या म्हणण्यात तुमचं काही चुकत नाही. भर मे महिन्यात, शहात्तर वर्षांच्या बाईला घाटाच्या कडेला उभं करून ज्यानं ती वाफ पाहिली आहे, त्याला त्या गाडीचा भरवसा वाटत नसेल तर त्यात नवल काय? पण ‘विकून नवीन घेतली की सुटलो’ हे मात्र मला पटलेलं नाही. त्याकडे येतेच.

आधी यजमानांचं वाक्य घेऊ. ‘एवढा खर्च केलाय, आता कशी सोडायची’ हे घरोघरी ऐकू येतं आणि ऐकायला अगदी व्यवहारी वाटतं. पण तुमचे यजमान बियाण्याच्या धंद्यात आहेत. मृगात टाकलेलं बी उगवलं नाही आणि दुबार पेरणीची वेळ आली, तर गिऱ्हाईक पहिल्या पिशव्यांचे पैसे मोजत बसतं का? जमिनीत ओल किती आहे आणि पुढं पाऊस आहे का, हेच ते बघतं. गाडीचंही तसंच करा. ते 1 लाख 40 हजार गाडी ठेवलीत तरी गेले आणि विकलीत तरी गेले. पुढच्या वर्षभरात ही गाडी काय मागणार आहे आणि काय देणार आहे, एवढाच हिशेब आता हातात उरतो.

यजमानांच्या बोलण्यात निम्मं खरंही आहे, ते नाकारू नका. नवा रेडिएटर, नवा पंप, नवी क्लच प्लेट यांचे एजंट तुम्हाला चार पैसे जास्त देणार नाही. वापरलीत तरच त्यांचा उपयोग. मूळ दुखणं गेलं असतं तर मी ‘ठेवा’ म्हणाले असते. पण काटा अजून वर जातोय, म्हणजे दुखणं सापडलेलंच नाही.

आता मिस्त्री. तुमच्या पत्रात जे आहे तेवढ्यावरून मला तो लबाड वाटत नाही. तो आंधळेपणानं काम करतोय असं वाटतं, आणि त्यात थोडा वाटा तुमच्या घराचाही आहे. बघा, गाडी गरम होते घाटात. म्हणजे गाडीत सात माणसं, सामान, एसी चालू, दुसरा-तिसरा गिअर, पुढं ट्रकांची रांग, बाहेर चाळिशीच्या वरचं ऊन. मिस्त्री ती तपासतो कशी? एकटा बसून स्टेशनपर्यंत चक्कर मारतो. तिथं काटा हलतही नाही. मग तो काय करणार? गरम होणाऱ्या गाडीत नेहमी जे बिघडतं ते एकेक बदलत जातो, आणि प्रत्येक वेळी आपण बिल भरून ‘आता झालं’ म्हणून घरी येतो.

म्हणून पुढची एकही वस्तू बदलण्याआधी एक काम करा. ‘गाडी गरम होते’ एवढं सांगू नका, केव्हा गरम होते ते सांगा. गर्दीत, उभ्या उभ्या गरम होते आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा खाली येतो, असं असेल तर वारा कमी पडतोय. रेडिएटरचा पंखा, त्याची रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच), किंवा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये साचलेली घाण. आपल्याकडच्या रस्त्यांवर धूळ आहे, कापसाच्या दिवसांत उडणारा कापूस आहे, आणि त्या दोन जाळ्यांच्या मधली फट कोणी साफ करत नाही, कारण त्यासाठी बरंच काही खोलावं लागतं. उलट, चढावर किंवा वेगात असताना गरम होते आणि सपाटीला हळू चालवली तर ठीक राहते, असं असेल तर पाणी पुरेसं फिरत नाही. कुठं तरी चोक आहे, किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) पूर्ण उघडत नाही. आणि कुठंही गळती दिसत नसताना कूलंट कमी होत असेल, टाकीत बुडबुडे येत असतील, सकाळी गार इंजिन चालू केल्याबरोबर रेडिएटरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. मग पुन्हा गॅस्केटचं, नाही तर हेडचंच काम आहे.

या तिसऱ्या शक्यतेची मला जास्त भीती वाटते. तापलेल्या इंजिनावर तुम्ही गार पाणी ओतलंत. तुम्ही एकट्यानंच ते केलं असं नाही, घाटात उभ्या राहिलेल्या दहापैकी नऊ गाड्यांवर हेच होतं. पण अतिशय तापलेलं हेड तसंही वाकू शकतं, आणि त्यावर एकदम गार पाणी पडलं तर त्याला चीर जाऊ शकते. गॅस्केट बदलताना मिस्त्रीनं हेड लेथवर पाठवून फेस मारून, म्हणजे खालची बाजू सपाट करून, घेतलं होतं का? चीर आहे का ते प्रेशर देऊन तपासलं होतं का? हे त्याला विचारा. चढ्या आवाजात नाही, नुसतं विचारा. ‘नाही, नुसतं गॅस्केट टाकलं’ असं उत्तर आलं, तर वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट बसवलं असण्याची शक्यता आहे. ते टिकत नाही.

अजून दोन गोष्टी विचारायच्या. एक, थर्मोस्टॅट जागेवर आहे का? आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी गरम झाली की तो काढून टाकायची पद्धतच पडली आहे. काढला की सपाटीवर काटा खाली राहतो, सगळे खूश होतात. पण इंजिन नको तितकं गार चालतं, डिझेल जास्त पितं आणि खरा बिघाड झाकला जातो. दोन, आत काय भरलंय? कूलंट की बोअरचं पाणी? आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार आतल्या बारीक वाटांमध्ये बसतात, आणि नवा रेडिएटरही त्यानं चोक होतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा मिसळूनच मिळतं ते तयार कूलंट. ‘उन्हाळ्यात पाणीच बरं’ हा सल्ला कितीही अनुभवी माणसानं दिला तरी ऐकू नका. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळतं आणि आत गंज धरत नाही.

हे सगळं तपासायला शक्यतो दुसऱ्या गॅरेजला जा, जिथं कूलिंगचं प्रेशर टेस्ट आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करतात. जळगावला किंवा धुळ्याला न्यावं लागलं तर तिथपर्यंत हळू, एसी बंद ठेवून न्या. आधीच सांगा, ‘आज फक्त तपासणी, दुरुस्ती नाही. तपासणीचे पैसे देतो.’ आपल्याकडे तपासणीचे पैसे द्यायला जीवावर येतं. काही तरी बदललं तरच पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. मघाशी तुमच्या घराचा वाटा म्हणाले तो हाच. तपासणीचा खर्च तुमच्या क्लच प्लेटपुढं किरकोळ आहे. स्कॅनर लावून कोड काढतील, तेही बघा, पण कोड म्हणजे निदान नव्हे. कोणत्या सर्किटमध्ये गडबड दिसतेय एवढंच तो सांगतो, बदलायचा पार्ट सांगत नाही.

ग्राहक आयोगाचं विचाराल तर वाट मोकळी आहे, पण पायाखाली कागद हवा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना स्वतःचा आयोग आहे, तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोलता येतं. तुमच्याकडची बिलं, तुम्हीच लिहिलंय तसं, ‘डायरीच्या पानावर’ आहेत. त्यावर भांडण्यात मी शक्ती घालवणार नाही. यापुढं मात्र पार्टचं नाव, कंपनीचा की लोकल, मजुरी वेगळी, तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं बिल घ्या, आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

निदान हातात आलं की ठरवणं सोपं होईल. पंखा, रिले, थर्मोस्टॅट, साफसफाई असं बाहेरचं काही निघालं आणि खर्च 15-20 हजारांत बसत असेल, तर करा आणि गाडी आणखी एक वर्ष वापरा. हेडला चीर निघाली, इंजिन उतरवायला लागलं, तर तिथंच थांबा. मी असते तर 40 हजारांची रेघ ओढली असती, गाडीच्या आजच्या किमतीच्या चौथाईची. रेघेचा आकडा तुम्ही दोघांनी ठरवा, पण गॅरेजात जायच्या आधी घरी बसून ठरवा. इंजिन खोलून फळीवर मांडलेलं असताना माणूस कशालाही हो म्हणतो. मॉडेल बंद झालं असेल तर पार्ट किती दिवसांत मिळतात हेही विचारा. पार्टसाठी महिनाभर गॅरेजात उभी राहिलेली गाडी तुमच्या उपयोगाची नाही.

आता नवीन गाडीचं. 8 लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं असं धरलं तर हप्ता सुमारे 16,800 येतो. वर्षाला 2 लाख. तुमच्या या खाष्ट गाडीनं वर्षाला सरासरी 70 हजार खाल्ले. म्हणजे दुरुस्तीचा त्रास वाचवायला तुम्ही तिच्या जवळजवळ तिप्पट पैसे भरणार, वर पहिल्या वर्षांचा जास्त विमा, आणि हा हप्ता कोणाच्या पगारातून जाणार तेही मला पत्रावरून दिसतंय. नवीन घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. पाच वर्षांनी हप्ते संपतील आणि गाडी उरेल, हेही खरं. निवांतपणाला किंमत असते आणि ती मोजायला हरकत नाही. पण ‘दुरुस्तीपेक्षा हप्ता परवडतो’ हे जे तुम्ही लिहिलंय, ते आकड्यांत खरं नाही.

आणि सात सीट कशाला हव्यात? रागावू नका, कागद घेऊन बसा. गेल्या वर्षात गाडीत पाचपेक्षा जास्त माणसं कधी बसली? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा येतात तेव्हा. कानबाईच्या रोटांना (आपल्या खानदेशातला श्रावणातला सण) पुण्याचे दीर-जाऊ येतात तेव्हा. एखादी वणीची फेरी, एखादं पाटणादेवी, लग्नसराईतले काही दिवस. उरलेलं वर्ष त्या गाडीत यजमान आणि खताच्या गोण्या. (गोण्यांवरून आठवलं, मधल्या दरवाजाचा रोलर का तुटला असेल याचा मला अंदाज आहे.) मोठ्या कुटुंबाची गाडी दारात असणं हा आपल्याकडे मान असतो, ते मी समजू शकते. पण त्या चार-सहा दिवसांसाठी क्रूझर किंवा इको सांगितली तर वर्षाचं भाडं एका हप्त्यात-दोन हप्त्यांत भागतं, आणि घाटात काय झालं तर ती काळजी ड्रायव्हरची. मग रोजच्याला पाच सीटांची साधी पेट्रोल गाडी, नवी नाही तर चांगली तपासून घेतलेली जुनी, पुरते. तुमचा प्रश्न ‘ही की नवीन मोठी’ एवढाच नव्हता, ही तिसरी वाट तुमच्या पत्रात कुठंच नव्हती.

पत्रात एका ओळीत उरकलेली गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते: आरसी. गाडी घेणाऱ्यानं 30 दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. तुम्हाला चार वर्षं झाली. ही गाडी उद्या कोणाला धडकली, तर नोंदणीवर ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे नोटीस मामांच्या घरी जाईल. आणि गाडीचं स्वतःचं नुकसान झालं तर विमा कंपनी दावा नाकारायला कारण शोधतच असते, ते तुम्ही तिच्या हातात आयतं दिलंय. या एका कारणासाठी तरी या आठवड्यात मामांकडे जा. गाडी ठेवायची ठरली तर फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन नाव लगेच बदला, विमाही बदला. महिना-दोन महिन्यांत विकायचीच असेल तर मामांकडून थेट नव्या मालकाच्या नावावर करता येते, मधला एक खर्च वाचतो. मामांनी त्या वेळी कर्ज काढलेलं असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म 35 लागेल. एजंटला सह्या केलेले कोरे फॉर्म मात्र द्यायचे नाहीत. परिवहनच्या साइटवर नाव बदललेलं दिसेपर्यंत गाडी विकली असं धरू नका.

गाडी किती सालची हे तुम्ही लिहिलेलं नाही. आरसीवर पहिल्या नोंदणीची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढं आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ती तारीख जवळ आली की एजंटचा आकडा झपाट्यानं घसरतो. तेव्हा विकायचंच असेल तर रेंगाळू नका. घेणाऱ्याला घाटात गरम होते हे सांगून विका. पाच-दहा हजार कमी येतील. पण गाव लहान आहे, यजमानांचं दुकान रस्त्यावर आहे, आणि घेणारा बहुतेक त्यांचंच गिऱ्हाईक असेल.

मामांना या दुखण्याची आधीच कल्पना होती, असा संशय तुम्ही उघड लिहिलेला नाही, पण पत्रात तो आहे. दीड-दोन वर्षं गाडी बिनतक्रार चालली, म्हणजे तो बहुधा खोटा आहे. असलाच तरी आज तो उकरून तुम्हाला एक रुपया मिळणार नाही, आणि सही मात्र मामांची लागणार आहे. त्यांना ‘तुमच्या गाडीनं आम्हाला बुडवलं’ असं सांगण्यापेक्षा ‘उद्या काही झालं तर तुम्हाला कोर्टाचे हेलपाटे नकोत’ असं सांगा. ते खरंही आहे.

सासूबाईंच्या लक्ष्मीशी वाद घालू नका. गाडी आली आणि दुकान चाललं, हा त्यांचा हिशेब वेगळा आहे. नवीन येईल तिची पूजा त्यांच्याच हातानं होईल. यजमानांशी मात्र बोलायचं ते पैशांचं, आणि भांडणाच्या दिवशी नको. दोन वर्षांच्या दुरुस्तीची यादी एका कागदावर लिहा, कोणी किती दिले तेही समोर लिहा. गाडी दोघांची, मग पुढं जे ठरेल त्याचा खर्च दुकानातून किती आणि पगारातून किती, हे आधी ठरू दे. मला वाटतं, तुमच्या रागातला बराच भाग इथं आहे. गाडी कोणती घ्यायची हे सगळं घर ठरवतं आणि बिल एकटी भरते, ही गोष्ट नवीन गाडीनं बदलणार नाही.

तपासणी होईपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. कधी न्यावीच लागली आणि काटा चढायला लागला, तर एसी बंद, हीटर फुल (इंजिनची उष्णता तो बाहेर ओढतो, भाजून निघाल पण चालेल), आणि गाडी बाजूला. वाफ दिसली तर इंजिन बंद करा. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, तोंडावर येतं. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033 ला फोन करा.

सासूबाईंच्या डोळ्यांच्या पुढच्या तपासणीला एसटीनं जा. 75 वर्षांपुढच्यांना राज्याच्या एसटीत 2022 पासून तिकीट नाही, त्यांचं आधार कार्ड जवळ ठेवा. तुम्हाला महिला म्हणून निम्मं तिकीट. सकाळची गाडी धरली तर ऊन चढायच्या आत घाट ओलांडून जाल.